दोरा मालकिणीनं तोडायचा

उलथनं पातेल्यात पडलेलं दिसलं आणि माझ्या काळजात चर्र झालं.

पाऊण तासापूर्वी मी ते पातेल्यावर आडवं ठेवलं होतं. त्यावर सरूताई अष्टपुत्र्यांचा तन्मणी अडकवला होता. मोत्यांचे दोन पदर वर, कोरडे. खाली लोंबणारं चांदीचं खोड तेवढं चिंचेच्या कढत पाण्यात. चांदी काळीठिक्कर पडली होती, ती उजळायची होती. स्टो बारीक केला आणि बाहेर डोकावले, तर मोती चौकात कासारणीचं आणि एका गिऱ्हाइकाचं जुंपलेलं! एकीनं दुसरीचं माहेर काढलं, दुसरीनं पहिलीचं सासर. फुकटचा तमाशा सोडून आत कोण येतंय? मी एकवीस वर्षांची होते आणि अक्कल गहाण टाकलेली होती.

पळीनं तन्मणी बाहेर काढला. हातानं काढला म्हटलं तरी चालेल, कारण बोटं भाजली ते मला रात्री कळलं.

चिंच म्हणजे मोत्याचा काळ. लिंबू, चिंच, ताक, काहीही आंबट मोत्याला लागू द्यायचं नाही, हे आमच्या पटवेकऱ्यांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा धंदा ओवायचा. रेशमी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि मोती, मणी, पोत, गाठलं, जे येईल ते ओवून द्यायचं. सातारच्या मोती चौकात हिराचंद शेठच्या पेढीच्या ओट्यावर माझ्या आबांची बैठक होती. त्याआधी आजोबांची होती. ह्या ओट्यावर सरूताईंचे बेचाळीस मोती मी शिजवले होते.

आणि साधे मोती नव्हेत. बसऱ्याचे! सरूताईंचे वडील साधे शाळामास्तर. सोनं झेपलं नाही म्हणून खोड चांदीचं केलं, वर मुलामा दिला. पण मोती मात्र कुठल्याशा संस्थानिकाच्या घरातले, खरे बसऱ्याचे मिळवून दिले. साताऱ्यात हे सगळ्यांना पाठ होतं. पाच दिवसांनी सरूताईंच्या नातीचं लग्न होतं आणि तिच्या गळ्यात हाच तन्मणी जाणार होता.

मी पदरानं एक मोती पुसला. आब गेलेली. शिळ्या माशाच्या डोळ्यासारखा दिसत होता. घाबरून जोरात चोळला, तर भोकाजवळची साल सुटली आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी माझ्या बोटाला चिकटली. खाली दिसली एक गुळगुळीत पांढरी गोळी, तिच्यावर फिकट पट्टे.

मी दुसरा चोळला. गोळी. तिसरा. गोळी.

अहो, आबांनी लहानपणीच शिकवलेलं होतं, खरा मोती आतपर्यंत मोतीच असतो, पापुद्र्यावर पापुद्रा. शिंपल्याची गोळी पोटात निघाली की समजायचं, कल्चर. माणसानं शिंपल्यात गोळी घालून पिकवलेला, जपानचा. दिसायला देखणा, दाताला घासला तरी खऱ्यासारखाच खरखरीत. पण बसरा नव्हे.

अष्टपुत्र्यांचा बसऱ्याचा तन्मणी कल्चरचा होता.

खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. बसऱ्याचे शिजवले असते तर जन्मभर फेडता आले नसते. पण लगेच दुसरा विचार आला. हा तन्मणी गेली तीस वर्षं एकाच माणसाच्या हातून ओवला जात होता. माझ्या आबांच्या.

आबा त्या दिवशी ओट्यावर नव्हते. मोतीबिंदू पिकला होता, डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. जाताना मला बजावून गेले होते, "वच्छे, सरूताईंचा तन्मणी आला तर हात लावू नको. त्या सोताच्या पायानं आल्याबिगर न्हाई."

त्याला कारण होतं. आमची एक रीत आहे. जुना दोरा पटवेकऱ्यानं तोडायचा नाही, मालकिणीनं तोडायचा. कात्री आम्ही द्यायची. तोडण्याआधी तिनं आपल्या तोंडानं म्हणायचं, "इतके नग, अमक्या जातीचे, माझे." मग कचकन कात्री. एकदा असं बोललं की पुढे एक मोती कमी निघाला असं तिनं म्हणायचं नाही आणि बदलला असं आम्ही ऐकून घ्यायचं नाही. वाडवडिलांनी मोठ्या शहाणपणानं घातलेली रीत. सरूताई दर दोन-तीन वर्षांनी यायच्या, आबांच्या कानाशी वाकून ते बोलायच्या आणि दोरा तोडायच्या. इतकं हळू बोलायच्या, की शेजारी बसलेल्या मलाही कधी ऐकू आलं नाही. मला वाटायचं, वकिलीणबाईंचा आब असतो तो.

पण ह्या वेळी त्यांचा गुडघा सुजलेला. त्यांची सून शालनवहिनी तन्मणी घेऊन आली. "पटवेकर नाहीत? बरं, राहू दे. संध्याकाळी ओवून ठेव. आणि हे खोड केवढं काळं पडलंय बघ! व्याही काय म्हणतील? तेवढं तरी उजळ." मी म्हटलं, दोरा नाहीच तोडायचा ना? मग नुसतं खोड बुडवू. शहाणी ना मी! रीतही पाळली आणि कामही केलं.

आबा काठी टेकत आले, तोवर मी सगळे बेचाळीस तपासले होते.

"आबा, माझ्या हातून घात झाला." मी तन्मणी त्यांच्या ओंजळीत ठेवला. डोळ्यांनी त्यांना आता सावल्याच दिसत, पण बोटं! बोटांनी ते मोत्याची जात सांगत. त्यांनी एकेका मोत्यावरून अंगठा फिरवला.

"चिंच?"

"हो."

"किती गेले?"

"सगळे. पण आबा, ऐका तर. हे बसऱ्याचे नाहीतच! कल्चर आहेत. कुणीतरी बदललेत."

मला वाटलं, आबा दचकतील. 'काय सांगतेस!' म्हणतील.

आबा म्हणाले, "म्हाईत हाय."

त्यांनी तन्मणी उपरण्यात गुंडाळला. "चल. सरूताईंकडं जाऊ. कुनाला काय बोलू नको."

"माहीत आहे म्हणजे? आबा, माहीत आहे म्हणजे काय?"

"चल म्हनलं न्हवं?"

पण जायला मिळालं तर ना. शालनवहिनी खरेदी उरकून परत आली होती. "झालं का गं खोड?" म्हणत ती ओटा चढली आणि तिनं आबांच्या हातातलं उपरणं उलगडलं.

तिची किंकाळी चौकभर गेली. मघाशी मी दुसऱ्याच्या भांडणाला गर्दी केली होती, आता आमच्या दाराशी गर्दी झाली. कासारीण सगळ्यांत पुढे. हिराचंद शेठ आतून चष्मा सावरत आले, भिंग लावून त्यांनी दोन मोती पाहिले, चार पाहिले. शेठ सज्जन माणूस. खोटं बोलता येईना त्यांना.

"वहिनी, मोती चिंचेनं गेलेत हे खरं," ते हळूच म्हणाले. "पण हे बसऱ्याचे नाहीत. कल्चर आहेत."

"आमचे बसऱ्याचेच होते!" शालनवहिनी ओरडली. "अख्ख्या साताऱ्याला विचारा! ह्या पटवेकराशिवाय कुणाचा हात लागला नाही त्याला. बदलले! बदलले आणि आता उघडं पडेल म्हणून मुद्दाम चिंचेत घातले!"

मी तोंड उघडलं. मुद्दाम कशाला, मी मूर्ख आहे म्हणून घातले, असं सांगणार होते. आबांनी माझं मनगट दाबलं.

शेठ आबांकडे वळले. "आबा, काहीतरी बोला."

आबांनी हात पुढे करून तन्मणी परत घेतला आणि उपरण्यात गुंडाळला. "चोर! चोर!" कासारीण सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

शेठनं मान खाली घातली. "मग हे मिटेपर्यंत ओट्यावर बसू नका. माझ्या पेढीचंही नाव आहे." साठ वर्षांची बैठक अशी दोन वाक्यांत उठली. आबांनी दोऱ्यांची पेटी काखेत मारली आणि कात्री खिशात घातली.

मोती चौकातून अष्टपुत्र्यांचं घर दहा मिनिटांवर. मी आबांचा हात धरून चालत होते, पुढे शालनवहिनी तरातरा. ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. मी तेरा वर्षांची असताना आई आजारी पडली. आबा तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन महिने ठेवलं. ती वाचली नाही, पण औषधपाण्याला काही कमी पडलं नाही. तेव्हा मी कधी विचारलं नव्हतं, की दोरे ओवणाऱ्या माणसाला हे जमलं कसं? आता विचारलं. तोंडानं नव्हे, मनातल्या मनात. आणि उत्तरही मीच दिलं.

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी तो सोडला नाही, पण माझी पकड ढिली झाली एवढं मला आठवतं.

सरूताईंचे यजमान वकीलसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत होते. पासष्टीचा करारी माणूस. कोर्ट सोडलं होतं, पण कोर्टानं त्यांना सोडलं नव्हतं. मागच्या भिंतीवर घराण्याचा जुना फोटो होता. लहानपणी मी त्याला फार घाबरायचे, कारण त्यातल्या एका मुलीच्या चेहऱ्यावर काळा कागद चिकटवलेला होता. ती वकीलसाहेबांची धाकटी बहीण, दुर्गा. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि दोन वर्षांनी एका कंपाउंडरबरोबर निघून गेली. तो जातीतला नव्हता. घरानं तिच्या नावानं अंघोळ केली. त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती, आणि साताऱ्यात अशी बंदी मोडायची कुणाची टाप नव्हती.

सरूताई गुडघ्याला शेक घेत आतल्या दारात बसल्या होत्या. शालनवहिनीनं एका दमात सगळं सांगितलं. सरूताईंच्या हातातली शेकायची पिशवी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "पटवेकर, मोती बदललेत हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य हाय, साहेब."

"कोणी बदलले?"

"ते माझ्या तोंडानं येनार न्हाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय."

"आबा!" मी न राहवून म्हटलं.

"तू गप ऱ्हा, वच्छे."

वकीलसाहेब बायकोकडे वळले. "सरस्वती, तुझ्या वडिलांचे मोती. तू सांग. ह्यांच्या हातात काय दिलं होतंस?"

मी सरूताईंकडे बघितलं. माझ्यासाठी त्या देवासारख्या होत्या. आई गेली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून मला डबा यायचा. मला वाटलं, ह्या काहीतरी सांगतील. गैरसमज झालाय म्हणतील.

सरूताई जमिनीकडे बघून म्हणाल्या, "माझ्या बाबांनी दिलेले बसऱ्याचे मोती... ह्यांच्याच हातात दिले होते मी."

आणि माझे आबा काय म्हणाले असतील? म्हणाले, "खरं हाय. माझ्याच हातात दिले."

शालनवहिनीनं टाळी वाजवावी तसे हात आपटले. "घ्या! कबूलच करतोय! मामंजी, आता वाट कसली बघायची?"

"शालन, चौकीवर फोन लाव," वकीलसाहेब म्हणाले. कोपऱ्यात काळा फोन होता. ती उठली.

आबांना पोलीस नेणार. मोती चौकातून, सगळ्यांदेखत, आंधळ्या माणसाला. आणि सगळ्यांत वाईट काय, सांगू? माझ्या मनात आलं, नेतील तर नेऊ देत, केलंय तर भोगायलाच हवं. माझ्याच मनात आलं हे. दुसऱ्या कुणाच्या नाही.

"लावा, वैनी," आबा म्हणाले. आवाजात राग नाही, काही नाही. "पर पोलीस आले की दोरा तेच तोडतील. त्याआदी आमची रीत तेवढी होऊ द्या."

त्यांनी खिशातून कात्री काढली. आपल्या आजोबांच्या वेळची, पितळी मुठीची. चाचपडत दोन पावलं पुढे गेले आणि सरूताईंच्या समोर बसले. एका तळहातावर तन्मणी, दुसऱ्यावर कात्री.

"ताई, दोरा तुमी तोडायचा. दर वक्ताला बोलता तसं बोला आन तोडा. मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

"हे काय नाटक आहे?" शालनवहिनी म्हणाली. फोनचा रिसीव्हर तिच्या हातात होता.

"रीत आहे त्यांची," वकीलसाहेब म्हणाले. कायद्याचा माणूस, साक्षीचं महत्त्व त्यांना कळत होतं. "होऊ दे. सरस्वती, बोल आणि तोड."

सरूताईंनी कात्री घेतली. त्या आबांच्या कानाशी वाकल्या, अगदी नेहमीसारख्या, आणि काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोल," वकीलसाहेब म्हणाले. "आम्हालाही ऐकू दे."

सरूताई सरळ बसल्या. त्यांनी आबांच्या डोळ्यांकडे बघितलं. त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी आबा त्यांच्याकडेच तोंड करून बसले होते. वाट बघत. कुठलीही घाई नाही.

"बेचाळीस नग," सरूताई म्हणाल्या. कात्री दोऱ्याला लावली. मग एकदम मोठ्यानं, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"बेचाळीस नग. कल्चरचे. माझे."

आणि कचकन दोरा तोडला.

मोती फरशीवर सांडले. टपटप टपटप उडत आरामखुर्चीखाली गेले, दाराबाहेर गेले. वेचायला कुणी वाकलं नाही. शालनवहिनीच्या हातातला रिसीव्हर लोंबत राहिला.

"काय म्हणालीस?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"दर वेळी हेच म्हणते. सत्तावीस वर्षं. ह्यांच्या कानात." सरूताईंचा आवाज आता कापत नव्हता. फुटला होता, पण कापत नव्हता. "बसऱ्याचे मी ह्यांच्याकडून मुंबईला विकवले. हे ओवायला मीच सांगितलं. माझा तन्मणी, माझ्या बाबांनी दिलेला. चोरी नव्हती ती."

"विकले? कशासाठी?"

"दुर्गावन्संसाठी."

सत्तावीस वर्षांत ते नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. शालनवहिनी तर तोंडावर हात घेऊन भिंतीला टेकली.

"हातात काही नसताना कुठे जाणार होत्या त्या? तुम्ही खोलीत कोंडलं होतंत त्यांना. जेवणाचं ताट मी न्यायचे. एक दिवस ताटाखालून पैसे दिले आणि मागचं दार उघडं ठेवलं." सरूताईंनी पदर तोंडाला लावला नाही, डोळे पुसले नाहीत. "तुम्ही महिनाभर गड्यांना विचारत होतात, कडी कुणी काढली? मी काढली."

वकीलसाहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस ह्या बाईला घराबाहेर काढणार. सरूताईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्या पाय लांब करून, भिंतीचा आधार घेऊन उठायला लागल्या होत्या.

वकीलसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. जन्मभर लोकांना प्रश्न विचारत आलेला माणूस, पण त्याला हा एक प्रश्न विचारता येईना. शेवटी आला तो आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"जिवंत आहे?"

सरूताई अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या.

"मिरजेला असतात," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवायला पोचतो माणूस."

वकीलसाहेबांनी फोटोकडे मान वळवली आणि तिथेच ठेवली. आम्ही तिथे आहोत हेही ते विसरले होते. आबांनी काठी चाचपली. "चल," ते मला म्हणाले. "आता घरची मान्सं बोलतील."

दाराशी सरूताई लंगडत आमच्या मागे आल्या. त्यांनी आबांपुढे हात जोडले. आबांना ते दिसलं नाही. मी सांगितलं. आबा गडबडून म्हणाले, "छे छे, ताई, असं काय करता!"

"मी तुम्हाला चोर ठरू दिलं, पटवेकर."

"ठरू कुठं दिलं? तोडला की दोरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराचंद शेठ स्वतः घरी आले आणि आबांना हाताला धरून ओट्यावर घेऊन गेले. चौकात गोष्ट रातोरात पोचली होती, अर्थात तिखटमीठ लावून. कासारणीनं तर आबांच्या पायावर डोकं ठेवलं. कालच 'चोर' म्हणून ओरडण्यात तिचाच आवाज मोठा होता. मी तिला ते ऐकवलं. सोडते की काय!

पण तिला ऐकवता ऐकवता माझीच जीभ अडखळली.

सरूताईंचा निरोप आला होता. फरशीवरचे मोती वेचून त्यांनी खोडाबरोबर पाठवले होते. लग्नात नातीच्या गळ्यात हेच खोड, नव्या कल्चर मोत्यांत. लपवाछपवी नाही, 'कल्चरचे' असं सांगूनच. शेठनं पेटीतून नवे मोती काढून दिले. पितळेच्या ताटलीत बेचाळीस नग.

आबांनी पायाच्या अंगठ्याला रेशमी दोरा अडकवला. सुई माझ्याकडे धरली. "ओवून दे गं. नेढं दिसत न्हाई."

मी सुई ओवली. दिली नाही, हातातच ठेवली. चौकात टांगे, सायकली, माणसं, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. आबांनी मला काही विचारलं नव्हतं. रात्री जेवताना नाही, सकाळी नाही. न विचारताच सुटले असते मी. तेच सोसवेना.

"आबा," मी म्हटलं, "काल मलाही वाटलं. तुम्ही घेतलेत म्हणून. आईच्या औषधासाठी. रस्ताभर वाटत होतं."

त्यांनी मान वर केली नाही. मोत्यांच्या ताटलीवर त्यांचा हात हलकेच फिरत होता.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "हात ढिला पडला तवाच कळलं."

मला रडू फुटलं. भर मोती चौकात, शेठसमोर, कासारणीसमोर. त्यांनी मला रडू दिलं. मग अंगठ्याचा दोरा ताणून म्हणाले, "बोललीस न्हवं सोताच्या तोंडानं? मग झालं. आन आता सुई. उन्हं वर आली."

मी सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिला मोती घेतला, अंगठ्यावर फिरवून बघितला आणि ओवला.